गिऱ्हाइकाचा डाग

लॉन्ड्रीवालीचा धाकटा भाऊ पकडला गेला, तेव्हा अख्ख्या गल्लीला एकदम आठवलं, की तो लहानपणापासूनच विचित्र होता. आदल्या संध्याकाळपर्यंत तो गुणी होता. चार बायकांचे खून. गुणीपणातून ते वजा केले, तर शिल्लक काहीच उरेना.

गुन्हा शाबीत झाल्यावर वकील दुकानात आले ते त्याची फाशी टाळायला. "ताई, मला त्याचं बालपण हवंय. वडील मारायचे ना?"

"नाही."

"दारू?"

"खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घ्यायचे."

"मग आई?"

"तिच्या हातात सदा इस्त्री. उगारणार कधी?"

वकिलांनी कपाळाला हात लावला. एवढं सुखी घर अशिलाला परवडणारं नव्हतं. "काहीतरी आठवा हो!"

ताई कॉलरवर इस्त्री फिरवत राहिली. "दुसरीत असताना एकदा शर्ट रक्ताने भरवून आला. अंगावर ओरखडाही नव्हता. शेजारणीची मांजर मात्र पुन्हा दिसली नाही. आईने शर्ट गार पाण्यात टाकला. गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं."

"आणि त्याला काय विचारलं?"

"काही नाही. आई म्हणायची, नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि गिऱ्हाइकाचा डाग विचारू नये. धंदा बुडतो."

"अहो, पण तो गिऱ्हाईक नव्हता!"

इस्त्री थांबली.

"ते आमच्या लक्षात आलं नाही," ताई म्हणाली. "मोरीच्या दारात उभा होता, शर्ट वाळेपर्यंत. आम्हाला वाटलं, शर्टासाठीच थांबलाय."

"मोठेपणी यायचे असे शर्ट?"

"यायचे. मीही गार पाण्यातच टाकायचे."

"हे कोर्टात बोलायचं नाही," वकील घाईने म्हणाले. "वडील पट्ट्याने मारायचे, एवढंच सांगा. गेलेल्या माणसाला कुणी फाशी देत नाही. जिवंत आहे त्याचं बघा." जाताना त्यांनी भावाचा कोर्टात घालायचा शर्ट धुवायला टेबलावर टाकला.

दुसऱ्या दिवशी भाऊ तोच कडक शर्ट घालून कोर्टाच्या बाकावर बसला होता, दोन पोलिसांच्या मध्ये. कफवर तपकिरी डाग राहिलाच होता. ताई वाकली आणि तिने जन्मात पहिल्यांदा विचारलं, "कशाचा रे हा?"

त्याने आधी डागाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रोजच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसावं, तसा हसला.

"ताई, विचारू नये. धंदा बुडतो."

आतून पुकारा झाला. ताई पिंजऱ्यात उभी राहिली. वडिलांबद्दल विचारलं गेलं.

"पट्ट्याने मारायचे," ती म्हणाली. आवाजाला एकही सुरकुती नव्हती.

समोर भाऊ कफ दुमडत होता, डाग आत जाईल असा.