एकवीस मोदक, त्यातले पाच

संध्याकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी लतिका शिकवणीवरून घरी आली. ती चपला काढत होती तेवढ्यात तिच्या सासूबाई शरयू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मोदक मस्त जमले हो तुझे. सोळा आहेत आता. दुपारी दादा येऊन गेला, पाच मी त्याला दिले."

"कोणते मोदक?"

"अच्छा, आता मस्करी? ओट्यावर झाकून ठेवलेले. मी तं म्हटलं, चलो, पंधरा वर्षांनी का होईना, सूनबाईला संकष्टी आठवली."

लतिकाने ताटावरचं फडकं उचललं. सोळा पांढरेशुभ्र मोदक ओळीने बसले होते. मोदक नव्हतेच ते. भांडी धुण्याच्या यंत्रात टाकायच्या वड्या होत्या. धुण्याचा सोडा, खायचा सोडा, लिंबूसत्व आणि जाडं मीठ. सकाळी शाळेत जाण्याआधी तिने त्यावर पाण्याचे चार शिंतोडे मारून वड्या पाडल्या होत्या. आधी बर्फाचा ट्रे वापरून पाहिला, पण त्यातून वड्या निघताना तुटत होत्या. मोदकाचा साचा मधोमध उघडतो आणि वडी अख्खी हातात येते, म्हणून तो घेतला. आणि साचा हातात असला की या घरातला हात एकवीसवर थांबतो. उरलेलं मिश्रण वाडग्यात तसंच पडलं होतं.

"आई, हा सोडा आहे. भांड्यांचा. तुम्ही खाल्ला नाही ना?"

"माझा उपास आहे. चंद्र निघाल्यावर खाणार होते." शरयूताई खुर्ची न बघताच खाली बसल्या. "दादाचापण उपास आहे गं."

दादा म्हणजे शरयूताईंचे थोरले भाऊ, चिंतामणीमामा. वय शहात्तर, खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. मुलगी यशश्री तिथेच नोकरीला, तिच्या क्वार्टरमध्ये राहत. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्यांच्या जिभेला चव कळत नव्हती. औषध असो की प्रसाद, ते अख्खं तोंडात टाकून वर पाणी पीत. चव कळणाऱ्या माणसाने ही वडी पहिल्या क्षणाला थुंकली असती. मामांच्या मात्र ती सरळ घशाखाली उतरणार होती आणि अन्ननलिका भाजत जाणार होती.

लतिकाने फोन लावला. रिंग वाजत राहिली. संकष्टीला मामा चंद्रोदयापर्यंत अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करत आणि फोन कपाटात ठेवत. यशश्री दुसऱ्या पाळीत होती. तिचा फोन गेटवर जमा. शेजाऱ्यांचा नंबर दोघींकडेही नव्हता. नवरा अनुपम कामासाठी कटनीला.

भिंतीवरच्या मुंबईच्या पंचांगात चंद्रोदय नऊ वाजून चार मिनिटांनी लिहिला होता. पण जबलपूरला चंद्र अर्धा तास तरी आधी दिसतो. शरयूताई तर दर महिन्याला गच्चीवर जाऊन, चंद्र बघूनच ताट वाढत.

"साडेआठनंतर केव्हाही निघेल तो," त्या म्हणाल्या. "तू जा. मी फोन लावत राहते. हळू नको जाऊ आज."

आठ वीसला स्कूटर निघाली. खमरिया चौदा किलोमीटर. पहिली काही मिनिटं लतिका हिशेब करत होती: एका वडीत सोडा किती, मामा एक खातील की दोन. मग तिने हिशेब सोडला. रांझीच्या बाजारात भाजीचे ठेले रस्त्यावर आले होते. एक टेम्पो आडवा उभा होता.

"भैया, हटाओ! घर में इमरजेंसी है!"

"तो उड़ के निकल जाओ, दीदी," टेम्पोवाला म्हणाला. पण तिचा चेहरा पाहून त्याने गाडी मागे घेतली.

बाजार संपला आणि रस्ता पूर्वेला वळला. समोर, झाडांच्या शेंड्यांवर, चंद्र होता. तांबूस आणि पूर्ण वर आलेला. आठ सेहेचाळीस. लतिकाने वेग कमी केला नाही. आता ती मामांना वाचवायला जात नव्हती, काय झालंय ते बघायला जात होती.

आठ एकोणसाठला ती क्वार्टरपाशी पोहोचली. स्कूटर स्टँडवर न लावताच सोडली. गाडी मागे आडवी पडली.

मामा अंगणात पाटावर बसले होते. पुढ्यात ताट, हातात तांब्या. कुंपणापलीकडून शेजारच्या रश्मी तिवारी हसत सांगत होत्या, "अंकलजी, चाँद तो कब का निकल आया. खा लीजिए, कमज़ोरी आ जाएगी."

"वो आपका चाँद है," मामा म्हणाले. "हमारा नऊ-चारला निकलता है. पंचांगात लिहिलंय."

लतिकाने ताट ओढून घेतलं. त्यात मोदक चार होते.

"मामा, पाचवा कुठे?"

"काहून, काय झालं?"

"पाचवा कुठे आहे, मामा!"

ती आजवर त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती. मामांनी घाबरून आत बोट दाखवलं. देव्हाऱ्यात गणपतीपुढच्या वाटीत पांढरा लगदा होता आणि त्यावर अजून बुडबुडे फुटत होते.

"नैवेद्यावर पाणी फिरवलं, तं फसफसून राहिला," मामा दारातून म्हणाले. "मी म्हटलं, खवा आंबला. पण शरयूने हाताने बांधून दिले. टाकून कसे देऊ? खाणारच होतो."

लतिका देव्हाऱ्यापुढे खाली बसली. ताट तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. कपाटात फोन वाजत होता. तो शरयूताईंचा आहे हे तिला कळत होतं, पण ताट हातातून सोडायला ती तयार नव्हती.

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"नऊ-चार झाले," ते म्हणाले. "सूनबाई, आता उपास कशावर सोडू?"