सरांचं ओलं मैदान

अंबड मागे पडलं आणि दैवशालाबाईंचा डोळा लागला. झोपेत त्या मैदानावर उभ्या होत्या. माती नुकतीच शिंपलेली, कडेला निंबाची सावली हलत होती आणि राधाकिसन तौर सर हातात रिकामी बादली घेऊन म्हणत होते, "चाला पोरींनो, एकेक जण."

"ओ मावशी, फाटा आला. उतरायचं न्हाई का?" कंडक्टर ओरडला.

जाग येताच त्यांनी आधी पाय चाचपले. पायात चपला होत्या. मैदानावर सर कुणालाच चपला घालू देत नसत, त्यामुळे क्षणभर त्यांना चोरी पकडली गेल्यासारखं झालं.

आज सरांचा दहावा होता. जुन्या जालन्यातून निघताना सुनेनं विचारलं होतं, "आई, या वयात एवढं काय जाणं? फोन करा ना." दैवशालाबाई नुसत्या हसल्या. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. चोपन्न वर्षं त्यांनी ती सांगितली नव्हती, आणि आता ऐकणाराच उरला नव्हता.

सर गावातल्या शाळेत खेळाचे मास्तर म्हणून आले तेव्हा दैवशाला आठवीत होती. मैदान नावालाच होतं, सगळीकडे खडे आणि कुसळं. सरांनी पोरींसोबत बसून खडे वेचले, दोन खांब रोवले आणि खो-खो सुरू केला. रोज शाळा सुटली की ते आडाचं पाणी शेंदून आणायचे आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत माती शिंपायचे. मग संघातल्या नऊ पोरींनी अनवाणी, एकीच्या शेजारून दुसरी, अशा नऊ ओळींनी मैदान पार करायचं. सर मागून वाकून वाकून पावलं पाहत यायचे.

"गोपिका, सकाळपासून पोटात काही न्हाई ना? जा, डबा उघड आधी."

"दैवशाला, कापूस वेचायला गेल्ती काय? सगळं वझं एका अंगानं आणलंय. आज तू पळायचं न्हाई, बसून राहा."

हे त्यांना कसं कळतं, याचा पोरींना काही उलगडा व्हायचा नाही. पुढे सर मुख्याध्यापक झाले तरी बादली सुटली नाही. कारकून सह्यांचे कागद घेऊन मैदानाच्या कडेला उभा असायचा. एखादा बाप परीक्षेआधीच पोरीचं नाव काढायला आला, की सर त्याला निंबाखाली बसवून चहा पाजायचे. "दाखला तयार हाय पाटील, शिक्का तेवढा हुडकून राह्यलोय." तो शिक्का परीक्षा संपल्यावरच सापडायचा. गावाला ते ठाऊक होतं, आणि तरी गाव दरवर्षी चहा पिऊन परत जायचं.

पण हे सगळं नंतरचं. दैवशालाबाईंच्या मनात रुतून बसलेला दिवस त्याच्या फार आधीचा.

अंबडला तालुक्याचा अंतिम सामना होता. आदल्या दिवशी रानात कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट त्यांच्या उजव्या तळव्यात घुसलं. पाय सुजला. सरांनी पाहिलं तर ते बसवणार, हे ठरलेलं. सकाळी निघण्याआधी सरांनी माती शिंपली. दैवशालाच्या पुढे गोपिका होती, दोघींचा पाय एकाच मापाचा. दैवशालानं दात आवळले आणि गोपिकेच्या पावलातच पाऊल टाकत मैदान पार केलं. सर मागून वाकून आले, तिच्यापाशी थांबले, म्हणाले, "बराबर. चला गाडीत."

अंबडला शेवटच्या डावात बरोबरीसाठी एकच गडी बाद करायचा उरला होता. खांबापाशी समोरची पोरगी हाताच्या अंतरावर आली, दैवशालानं झेप घेतली आणि उजवा पाय दगा देऊन गेला. ती तोंडावर पडली. तळव्यातून रक्त आलं, सामना गेला. परतीच्या बैलगाडीत पोरी रडत होत्या. सर म्हणाले, "रडू नका. चूक माझी हाय. मला पाऊल वाचता आलं न्हाई." तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी जखमी पोरगी खेळवली म्हणून त्यांना सगळ्यांसमोर बोल लावले. सर मान खाली घालून ऐकत राहिले. दाराआड उभ्या दैवशालाच्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं.

माहेरी आल्या की त्या सरांना भेटत. सर विचारत, "पाय बरा हाय ना?" ओठावर आलेलं त्या दरवेळी गिळत.

सरांच्या अंगणात बायका जमल्या होत्या. माणूस गेला त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवायचा, वर टोपलं झाकायचं आणि दहाव्याला पिठावर कुणाचं पाऊल उमटलं ते पाहायचं, अशी तिथली रीत. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून ओळखतात. सरांच्या पुतण्यानं, भुजंगनं, टोपलं उचललं.

"चिमणी हाय. बघा, तीन बोटं."

"कशाची चिमणी! वासराचा खूर हाय तो."

"एवढुसं वासरू? तुझ्या घरी असंल."

सरांच्या पत्नी द्वारकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे सुजलेले, पण जीभ तीच. "जन्मभर यांनी लोकांच्या लेकींचे पाय पाह्यले. आता सारं गाव यांचा पाय हुडकून राह्यलं. दैवशाला, तू त्यांच्यापाशी शिकलेली. तू सांग."

दैवशालाबाई वाकल्या. पिठावर एक बारीक रेघ होती, मुंगीची असेल, वाऱ्याचीही असेल. त्यांचे डोळे भरून आले आणि रेघही दिसेनाशी झाली. "मला न्हाई वाचता येत, काकू," त्या म्हणाल्या.

पुरुष मंडळी नदीवर गेली, अंगण रिकामं झालं. तेव्हा त्या द्वारकाबाईंजवळ सरकल्या आणि खाली पाहतच त्यांनी सगळं सांगून टाकलं. पऱ्हाटीचं खुंट, गोपिकेची पावलं, दाराआडचं गप्प राहणं. "काकू, माझ्यापायी सरांना बोल लागला. ते मला वाचू शकले न्हाईत असं समजतच गेले."

द्वारकाबाईंनी दैवशालाबाईंच्या गुडघ्यावर चापट मारली.

"येडी गं तू. नऊ पोरी चालल्या अन् मातीवर ओळी आठ. त्यांला काय मोजता येत न्हवतं?"

दैवशालाबाईंनी मान वर केली.

"मी नवी नवरी होते. त्या दिवशी घरी आले अन् जेवले न्हाईत. मी म्हणलं, कळलं व्हतं तर खेळवली कशाला? तर म्हणले, तिच्या बापानं सोयरीक पक्की केली. आज बसवली असती तर पुन्हा मैदान तिच्या नशिबात कुठून आलं असतं? मंग म्हणले, पण तिचा पाय खराब केला मी. ते मात्र जन्मभर त्यांच्या जिवाला लागून राह्यलं."

"मला दरवेळी विचारायचे, पाय बरा हाय ना..."

"मंग? तू काय म्हणायची?"

"बरा हाय म्हणायचे."

"खोटारडी," द्वारकाबाई म्हणाल्या आणि पदरानं दैवशालाबाईंचे डोळे पुसता पुसता स्वतःचेही पुसले.

परतीच्या गाडीला वेळ होता. दैवशालाबाई शाळेच्या वाटेनं निघाल्या. तो पाय कधी नीट भरून आलाच नव्हता. आजही त्या तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन चालत, आणि कुणी विचारलं तर वयाचं नाव पुढे करत.

मैदानावर माती शिंपलेली होती. ओल्या मातीचा वास, निंबाची तीच सावली. झोपेतलंच पुढे चालू आहे की काय, असं त्यांना वाटलं. बादली घेऊन उभी होती शीतल, आताची खेळाची शिक्षिका, सरांच्याच हाताखाली तयार झालेली. पोरी ओळीनं पलीकडे पोचल्या होत्या.

"आजी, तुम्ही सरांच्या पहिल्या संघातल्या ना?" शीतल म्हणाली. "या की, चाला."

दैवशालाबाईंनी चपला काढल्या. माती गार होती. शेजारच्या ओळीला पाय लागू न देता, मोकळी जागा पाहून, त्या सावकाश या खांबापासून त्या खांबापर्यंत गेल्या. मागून कुणीतरी वाकून वाकून येतंय, असं त्यांना सारखं वाटत राहिलं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"प्रांजली, सांग बरं," शीतलचा आवाज आला.

सगळ्यात बारकी पोरगी मातीवर उकिडवी बसली. "उजवा पाय दुखून राह्यला यांचा. नुसती बाहेरची कड उमटली. आजी, दुखतो ना?"

"हो बाई," दैवशालाबाई निंबाच्या सावलीकडे पाहत म्हणाल्या, "लई वर्षांपासून दुखतो."