सहाशे बारा खुंट्या

भिंगबाईने आपल्या नाकावर कधी माशी बसू दिली नाही. घड्याळांच्या कारखान्यात एकतीस वर्षं डोळ्याला भिंग लावून तिने मोहरीएवढ्या चाकांच्या खुंट्या बसवल्या. तिच्या टेबलावरून गेलेलं एकही घड्याळ खुंटी जड फिरते म्हणून परत आलं नाही. भिंगबाई हे नाव तिला तिथेच पडलं आणि निवृत्तीच्या दिवशी सामानाबरोबर घरीही आलं. घरातले ते तिच्या पाठीमागेच वापरत, कारण तोंडावर वापरायची कोणाची छाती नव्हती.

अशा बाईला सून मिळाली ती कागदावर गणितं करणारी. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं भिंगबाईला तिचं काम म्हणजे काय तेच कळलं नाही. सकाळी टेबलाशी बसायचं, संध्याकाळी उठायचं, आणि मध्ये एकही वस्तू तयार व्हायची नाही. हाताला घट्टे नाहीत, बोटाला तेल नाही. शेवटी एका रविवारी शेंगा सोलता सोलता तिने विचारलंच.

"तू दिवसभर नक्की करतेस तरी काय गं?"

"आई, हाड घ्या, फेस घ्या, विणलेलं कापड घ्या. आतून सगळी जाळीच असते. अशी वस्तू ओढली की कशी वागते, ते मी शोधते. नेहमीचं शास्त्र फक्त इथे ताण किती एवढंच बघतं. मी बघते, इथून तिथे जाईपर्यंत तो किती बदलला. रस्त्याचं कसं, उतार किती हे सगळेच मोजतात. मी उताराचा उतार मोजते."

भिंगबाईने दोन शेंगा सोलल्या. "म्हणजे गाडी पुलावरून उतरताना पोटात गोळा येतो, तो. तो काही उताराने येत नाही. उतार एकदम सुरू होतो, म्हणून येतो."

सून तिच्याकडे बघतच राहिली. "आई, एवढंच सांगायला प्रबंधात माझी चाळीस पानं गेलीत."

"मग उरलेल्या पानांत काय लिहिलंयस?"

सून इतकी हसली की शेंगांची टोपली कलंडली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. सासू-सुनेचं जमतं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात, त्यांना खुशाल जाऊ द्या.

उरलेल्या पानांसाठी सुनेला एक जाळी हवी होती. पोलादाच्या पातळ पट्ट्या, एक थर एका तिरक्या दिशेने, दुसरा त्याच्यावर उलट्या तिरक्या दिशेने, आणि जिथे जिथे दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात तिथे एक खुंटी. दुकानाचा सरकता जाळीचा दरवाजा असतो ना, तसंच, फक्त हाताच्या वितीएवढं रुंद आणि तीन विती लांब. अट एकच होती. खुंट्या इतक्या मोकळ्या फिरल्या पाहिजेत की त्यांचा म्हणून काही विरोधच उरू नये. मग ओढताना जो काही जोर लागेल तो फक्त पट्ट्या वाकवण्याचा, म्हणजेच उताराच्या उताराचा.

सुनेने आधी एक जाळी यंत्रावर प्लास्टिकमध्ये छापून आणली. भिंगबाईने ती एका बोटाने हलवून पाहिली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"याला खुंटी म्हणतात? ही फिरत नाहीये, पिळली जातेय. कोणी केलं हे?"

"मशीनने, आई."

"तरीच," भिंगबाई म्हणाली आणि कपाट उघडून तिने भिंग काढलं.

त्याला चार महिने लागले. पोलादी पट्ट्यांना भोकं पाडायची, प्रत्येक भोकाची कड आतून घासून गुळगुळीत करायची, पितळेची खुंटी घालायची, डोकं इतकंच ठोकायचं की ती निसटणार नाही आणि आवळणारही नाही. ठोक किंचित जास्त बसला की खुंटी बाद. अशा सहाशे बारा. डोळ्यात तेल घालून म्हणतात तसं तिने काम केलं. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, एकदा म्हणाला, "आई, एखादी थोडी घट्ट झाली तर काय बिघडतंय? सहाशेत कोणाला कळणार?" त्यावर भिंगबाईने त्याच्याकडे जे पाहिलं, त्यानंतर त्याने या विषयावर तोंड उघडलं नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी भिंगबाई शेवटच्या रांगेत बसली. शेजारी मुलगा. तिच्या पर्समध्ये सवयीने भिंग, चिमटा, छोटी हातोडी आणि पाच-सहा जास्तीच्या खुंट्यांची डबी होती. लोक औषधं बाळगतात, ती हे बाळगायची. परीक्षा प्रयोगशाळेतच होती. समोर भिंतीशी ओढण्याचं यंत्र उभं होतं आणि त्यात वरच्या आणि खालच्या जबड्यांत जाळी घट्ट पकडलेली. पितळेचे सहाशे बारा ठिपके दिव्याखाली चमकत होते. भिंगबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक सडपातळ, मृदू आवाजाचे गृहस्थ होते. मृदू आवाजाच्या माणसांना भिंगबाई बिचकून असे, कारण कारखान्यातला सगळ्यात कडक तपासनीसही असाच हळू बोलायचा.

सुनेने यंत्र चालू केलं. वरचा जबडा वर सरकू लागला. जाळी मध्ये निमुळती झाली, दोन्ही टोकांशी मात्र रुंदच राहिली, कारण तिथे जबडे तिला मिटू देत नव्हते. पडद्यावर जोराची रेषा चढत गेली. सुनेने गणिताने काढलेली लाल रेषा आधीच तिथे होती. नवी रेषा तिच्या अंगाला अंग लावून गेली.

सून म्हणाली, "नेहमीच्या सिद्धांताप्रमाणे जोर शून्य यायला हवा. खुंट्या मोकळ्या, पट्ट्या ताणल्या जात नाहीत, मग विरोध करणार कोण? पण जोर आला. तो जबड्यांजवळ पट्ट्या वाकतात त्याचा आहे. हे फक्त उताराचा उतार मोजणाऱ्या सिद्धांताने सांगता येतं."

परीक्षक उठले, जाळीजवळ गेले आणि त्यांनी ती बराच वेळ वाकून पाहिली.

"गणित सुंदर आहे," ते म्हणाले. "पण मला एक साधी शंका आहे. सहाशे सांधे आहेत. प्रत्येकात थोडं घर्षण असणारच. सहाशे ठिकाणचं मिळून एवढा जोर सहज होईल. हातकामात हे चालायचंच. तुम्ही असं करा, शेवटच्या प्रकरणात लिहा की नमुन्याच्या सांध्यांमध्ये दोष होता, म्हणून प्रयोग निर्णायक मानता येत नाही. सिद्धांताचा भाग भक्कम आहे. मी आज सही करतो."

दोष. हातकामात चालायचंच. एकतीस वर्षं जे कोणी म्हणालं नव्हतं, ते हा माणूस गोड आवाजात म्हणून गेला होता. आणि वर तिला हेही कळत होतं की तो सुनेला सुटकेची वाट देतोय. एक ओळ लिहायची आणि पाच वर्षांचं काम पार पडायचं. तिच्या जागी मी असते तर लिहिलं असतं का, असं भिंगबाईने स्वतःला विचारलं, आणि उत्तर तिला लगेच सापडलं नाही.

सून परीक्षकांकडे वळली.

"नाही सर. ते मी लिहिणार नाही."

"का?"

"कारण ते खरं नाही. या खुंट्या माझ्या सासूबाईंनी केल्यात."

खोलीत कोणीतरी हसलं. परीक्षकही हसले, पण खवचटपणे नाही. "तुमचा विश्वास मला समजतो. पण विश्वास हा पुरावा नाही."

"बरोबर बोलतायत ते," मागून आवाज आला. भिंगबाई उभी राहिली होती. "पुरावा द्यायला पाहिजे. सूनबाई, ते जबडे सोड बरं."

सुनेने आपल्या मार्गदर्शक सरांकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षकांनी मान डोलावली. आठ स्क्रू सुटले. भिंगबाईने जाळी दोन्ही हातांवर आडवी घेतली, मग वरच्या कडेच्या मधली फक्त एक खुंटी चिमटीत धरली आणि बाकी सगळं सोडून दिलं.

जाळी आपल्याच वजनाने मिटत गेली, खालपर्यंत, एकसारखी. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. जी वितीएवढी रुंद होती ती चार बोटांवर आली आणि खाली लांबच लांब झाली.

"साहेब, हिचं वजन अर्धा किलो," भिंगबाई म्हणाली. "एवढ्याशा वजनाने सगळ्या खुंट्या फिरल्या. जड असत्या तर ही अशीच आडमुठ्यासारखी राहिली असती. मशीनला किती जोर लागला?"

"वजनाच्या वीसपट," सून म्हणाली.

"मग तो जोर खुंट्यांचा नाही. जबडे हिला वर आणि खाली धरून ठेवतात, तिथे पट्टीला वाकावं लागतं, त्याचा आहे. ही सांगतेय तेच खरं. मला गणित येत नाही, पण कुठे काय अडतंय ते हाताला कळतं."

परीक्षकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. खोलीतल्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवायला हात वर केले. सुनेच्या जिवात जीव आला. इथेच सगळं संपायला काही हरकत नव्हती, आणि शहाण्या माणसाने ते संपू दिलं असतं.

पण भिंगबाई टांगलेल्या जाळीकडे बघत होती. तिने मान तिरकी केली. मोकळ्या हाताने पर्समधून भिंग काढून डोळ्याला लावलं.

"थांबा," ती म्हणाली. "एक अडतेय."

सुनेचा चेहरा पांढरा पडला.

"ही बघा, डाव्या बाजूची. इथे पट्टी केसभर मागे राहिली. बाकी सगळ्या फिरल्या, ही पूर्ण फिरली नाही. डोकं जास्त ठोकलं गेलंय माझ्याकडून."

"आई..." सून पुटपुटली.

परीक्षक पुढे आले. त्यांनी डोळे बारीक केले, चष्मा काढला, पुन्हा लावला. त्यांना काही दिसलं नाही. "म्हणजे घर्षण आहे," ते सावकाश म्हणाले. "एक तुम्हाला दिसली. न दिसलेल्या किती असतील? मग माझी शंका कायमच राहते."

"राहू दे ना. शंका फेडायलाच बसलोय," भिंगबाई म्हणाली. "बाकीच्या नुसत्या वजनाने पूर्ण फिरल्या, अडली ती ही एकच. मी ही बदलते. तुम्ही पुन्हा ओढा. जोर खुंट्यांचा असेल तर रेषा खाली येईल. नसेल तर होती तिथेच राहील. बारा मिनिटं द्या."

तिने टेबल मोकळं करून घेतलं. खुर्ची पुढे ओढली. जाळी पसरली, जुन्या खुंटीचं खालचं टोक घासून काढलं, खुंटी चिमट्याने उचलून बाजूला ठेवली, भोकाची कड पुसली. नवी खुंटी आत गेली. मग हातोडीचे तीन ठोके. खोलीत सत्तावीस माणसं होती आणि त्या तीन ठोक्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. तिचा हात साठी ओलांडलेल्या बाईचा होता, शिरा वर आलेला, पण तो एका जागी थांबला की दगडासारखा थांबायचा. शेवटच्या रांगेतून उठून मुलगा कधी पुढे आला आणि आईच्या खांद्यामागे उभा राहिला, ते त्यालाही कळलं नाही. त्याला एवढंच वाटलं की आयुष्यभर आपण हिला फक्त घरात पाहिलं.

जाळी पुन्हा जबड्यांत गेली. आठ स्क्रू आवळले. सुनेने कळ दाबली आणि दोन्ही हात पदार्थविज्ञानाशी काहीही संबंध नसलेल्या पद्धतीने एकमेकांत घट्ट अडकवले.

हिरवी रेषा निघाली. चढली. आधीच्या रेषेवरून, लाल रेषेवरून, अशी गेली की पडद्यावर एकच रेषा उरली. परीक्षकांनी आकडे वाचले, पहिले आणि आत्ताचे, शेवटच्या दशांशापर्यंत. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि सही केली.

"शेवटच्या प्रकरणातलं काहीही बदलू नका," ते सुनेला म्हणाले. "एक वाक्य मात्र घाला. पहिल्या चाचणीत सहाशे बारापैकी एक सांधा जड होता, तो बदलून चाचणी पुन्हा घेतली. तुमच्या प्रयोगावर लोक विश्वास ठेवतील तो या वाक्यामुळे."

सुनेने ते वाक्य तिथेच लिहून घेतलं. तिला आनंद होता, आणि त्यापेक्षा मोठा अभिमान होता, आणि तो स्वतःचा नव्हता.

परीक्षक भिंगबाईकडे वळले. काढून ठेवलेली खुंटी त्यांनी तिच्या भिंगातून पाहिली, उलटीसुलटी करून, आणि हात टेकले.

"मला आताही यात काही दिसत नाही," ते म्हणाले. "खरं सांगू का बाई, तुम्ही बोलला नसता तर कोणालाच कळलं नसतं. सही तर मी करतच होतो."

भिंगबाईने भिंग परत घेतलं आणि पुसून पर्समध्ये ठेवलं.

"मला दिसलं होतं ना," ती म्हणाली.