पूल भक्कम आहे

गावाबाहेरचा पूल मधोमध कोसळला, माणसं वाहून गेली, आणि सरकारने तातडीने दुरुस्ती केली. पुलाची नव्हे, पाटीची. 'पूल मोडला आहे' पुसून 'पूल भक्कम आहे' लिहायला लावलं. लिहिलं पाटीवालीने, गावात ब्रश धरणारी ती एकटीच. पूल मोडलाय म्हणणाऱ्याला तुरुंग. माहितीखात्याच्या साहेबांच्या तोंडून जे निघेल, ते मात्र जसंच्या तसं रंगवायचं, आणि ते पुसणाऱ्यालाही तुरुंग. साहेब खाकरले तरी ती डबा उघडायची.

पूल स्वतःच्या डोळ्यांनी कधी न पाहिलेले साहेब आज त्यावरूनच नदीपलीकडे सभेला निघाले होते. गाडी चालवत होता तिचा सख्खा थोरला भाऊ. राजधानीत राहणारा, रोज पेपर वाचणारा.

सकाळीच तिने फोन लावला. "दादा, त्या रस्त्याने येऊ नकोस रे. पूल मो—" खट्. बंदीचा शब्द आला की लाइन तुटायची.

पुन्हा लावला, तर हा हसतोय. "अगं, पेपरात फोटो आलाय पुलाचा! तुला घरात बसून काय कळतंय?"

फोटो पूल बांधला तेव्हाचा होता. छापणाऱ्याला लाज नव्हती आणि वाचणाऱ्याला अक्कल. तिने दोघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या आणि मोठी फळी ओढली.

गाडी आली तेव्हा फळी रस्त्यात आडवी उभी होती: 'पुलावर पहिलं पाऊल साहेबांचं!'

कौतुक दिसल्यावर साहेब गाडीत बसतात होय? उतरले, कोट खाली ओढला, हात हलवत निघाले. मागोमाग गाडीतला शिपाई आणि फोटोवालाही उतरले. पूल मध्ये उंच, त्यामुळे या टोकाहून भगदाड दिसत नाही. वर पोचले आणि हात हवेतच राहिला.

"साहेब, जरा पुढे सरका!" फोटोवाला ओरडला.

"इथंच बरंय!"

"काही दिसलं का हो साहेब?" पाटीवालीने विचारलं.

"कुठं काय? पूल भक्कम आहे!"

"दमले वाटतं," म्हणत दादाने गाडी सुरू केली आणि फळीला वळसा घालून दामटली. हे पाटीवालीच्या बेतात नव्हतं. ती मागे धावत सुटली.

"साहेब, गाडी येतेय हं! त्याला वाटतंय पूल भक्कम आहे!"

साहेबांनी गाडीकडे पाहिलं. मागे पाहिलं. मागे नुसती हवा.

"थांब रे गाढवा! पूल मोडलाय!"

ब्रेक करकचून लागला. शिपायाने सवयीने बेडी काढली, मग कुणाला घालायची ते कळून हळूच खिशात परत ठेवली.

दादा उतरला, साहेबांच्या शेजारी जाऊन खाली वाकून आला. तोंड पांढरंफटक. "पण पेपरात तर..."

"आण तो पेपर इकडे." फळीपाशी परत येऊन तिने पेपरला ब्रश पुसला आणि फळी उलटी केली.

"ए, काय लिहितेस?" साहेब धापा टाकत आले.

"तुमचंच वाक्य. आता कोण पुसतंय बघते."

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई नदी बघत होता.

"एक विचारू साहेब?" तिने ब्रश बुडवला. "'गाढवा' पण लिहायचं ना? हुकूम 'जसंच्या तसं'चा आहे."