मैदानातलं अहो-जाहो

"अहो म्हणाला मला!" नवऱ्यानं गोठलेल्या मटारची पिशवी सुजलेल्या गुडघ्यावर दाणकन ठेवली.

"कोण?"

"तो संघातला नवा पोरगा, दांडगा. सरावात मी पडलो, तर हात पुढे करून विचारतो, 'अहो, लागलं का तुम्हाला?'"

मला हसूच आलं. "चांगल्या घरचा दिसतोय."

"हसू नकोस गं! मैदानात कुणी अहो-जाहो करतं का?"

तेही खरंच. शहरभर याची पोस्टर्स, पायात फुटबॉल घेऊन गर्रकन वळतो म्हणून लोक याला भिंगरी म्हणतात, पण मैदानात सगळे "ए आंधळ्या, इकडे दे!" असंच ओरडतात. ते ऐकून माझ्या सासूबाईंनी एकदा भर स्टेडियममध्ये छत्री उगारली होती.

क्लबनं आणखी एका वर्षासाठी विचारलं होतं. शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं. सकाळी हा म्हणायचा, थांबतो; संध्याकाळी म्हणायचा, खेळतो. मी तोंडाला कुलूप घातलं होतं. थांब म्हटलं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि तो गुडघा बघून खेळ म्हणायला जीभ रेटेना. शिवाय, खरं सांगू? मला भीती वाटत होती. फुटबॉल नसलेला हा माणूस मी कधी बघितलाच नव्हता.

"चेंडू त्या पोराचाच होता," तो हळूच म्हणाला. "मला लागेल म्हणून सोडला त्यानं."

मटारचा बर्फ वितळून लादीवर पाणी टपकत होतं. मी पुसायला उठले नाही.

"मग?"

"मग काय. हा हंगाम संपला की थांबतो."

एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

हंगामातल्या शेवटच्या सरावाला मी त्याला आणायला गेले आणि कुंपणापाशी उभी राहिले. त्यानं दांडग्याला बाजूला घेऊन काहीतरी बजावलं. पोरगा कानाला हात लावत "नाही हो, नाही हो" करत होता. मग खेळ सुरू झाला. भिंगरी चेंडू घेऊन वळली, आणि दांडगा थेट अंगावर धावून आला. नवरा चिखलात सपशेल आडवा! चेंडू घेऊन पळता पळता पोरगा ओरडला, "ऊठ रे म्हाताऱ्या, नाटकं पुरे!"

मला सासूबाईंची छत्री आठवली. पण नवरा चिखलात पडल्या पडल्या पोट धरून हसत होता.

गाडीत बसल्यावर म्हणाला, "ऐकलंस ना? रे म्हणाला."

"ऐकलं. म्हाताऱ्याही म्हणाला."

"ते चालतं."

बूट त्यानं काढलेच नव्हते. एरवी गाडीत एवढासा चिखल दिसला तरी मी घर डोक्यावर घेते.  त्या दिवशी मी गाडी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घेतली.