फुली मारलेल्या झाडाखालची खुर्ची

चित्र आहे, आवाज नाही

पडद्यावर आधी दिसल्या त्या चपला.

बाकी सगळा पाला. पानांचा नुसता गच्च ढीग, वारा आला की हलणारा, आणि त्याच्या खालच्या कडेला तपकिरी चपलांची जोडी. उजव्या चपलेचा अंगठा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला. कंट्रोल रूमच्या भिंतीवर असे भिंतभर पडदे होते, त्यांत शहरातले सगळे रस्ते होते, हजारो पाय होते. पण हा अंगठा तिने लगेच ओळखला. आईने शिवला होता, हाताला लागेल त्या दोऱ्याने.

"मॅडम, हा माणूस सकाळपासून हलला नाहीये," घुबड म्हणाला. घुबड म्हणजे तिचा सगळ्यांत जुना ऑपरेटर. पापणी न हलवता पडद्याकडे बघत बसतो म्हणून खात्याने त्याचं हे बारसं केलं होतं, आणि त्यानेही नाव पदवीसारखं मिरवलं होतं. "मधूनमधून पेपराचं पान उलटतंय, एवढंच. गाडी पाठवू का उचलायला?"

"नको. ते माझे बाबा आहेत."

घुबडाची पापणी हलली.

बाबा तिथे का बसले होते ते सांगायला हवं. देशोदेशीचे मंत्री शहरात परिषदेला यायचे होते, त्यांच्या गाड्या याच रस्त्याने जायच्या होत्या, आणि या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांना पानांपलीकडे काही दिसत नव्हतं. मग सुरक्षेचे साहेब आणि पालिका यांचं, जन्मात पहिल्यांदाच, एकमत झालं. दोन्हीकडची झाडं काढायची. खोडांवर पांढऱ्या फुल्या पडल्या. करवतवाले उद्या सकाळी येणार होते. राहिली होती एकच सही, झाडं अडथळा आहेत असं सांगणारी. ती करायची होती कंट्रोल रूमच्या प्रमुखाने. म्हणजे तिने. खुर्ची नवी, त्यावरचं प्लास्टिकही अजून पुरतं निघालेलं नव्हतं.

आणि ती झाडं रोपांपासून वाढवली होती उद्यान खात्यातून निवृत्त झालेल्या तिच्या बाबांनी. झालं? सगळं घरातच आलं.

कॅमेऱ्याला कान नसतात. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलताना पानांतून मधूनच एक हात बाहेर यायचा, तीन बोटं मिटलेली, एक ताठ, आणि ते बोट हवेत दोनदा आपटायचं. ते वाक्य तिला पाठ होतं. 'झाड लावायला अक्कल लागत नाही, जगवायला लागते.'

आवाज आहे, चित्र नाही

"तुझे बाबा घडीची खुर्ची घेऊन गेलेत," फोनवर आई. "म्हणाले, आधी मला कापा."

"दिसले."

"दिसले ना? मग काय करणार आहेस?"

"आई, मी ड्यूटीवर आहे."

"तेही ड्यूटीवरच आहेत म्हणे. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, ड्यूटी काही संपत नाही मेली. बरं ऐक, टोपी विसरलेत ते. ऊन बघ किती आहे."

"सावलीत बसलेत गं ते."

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दोन्ही आहे

ती युनिफॉर्ममध्येच गेली. बाबांनी पेपर खाली केला नाही.

"या, साहेबबाई. सही झाली?"

"नाही."

"पेन नसेल तर देतो."

"बाबा, उठा. इथे बसायची परवानगी नाही."

"झाडाची आहे." मग पेपरामागून, जरा हळू, "ठकू, तुला ढकलत नाहीये मी. तू तुझं काम कर, मी माझं करतो. पण तुझी माणसं मला उचलायला आली तर तू पुढे ये. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला मला चालणार नाही."

तिला राग यायला हवा होता. आला अभिमान, आणि तोही नको त्या वेळी. आयुष्यभर या माणसाने कोणापुढे आवाज चढवला नव्हता. वरिष्ठांनी पाण्याचे टँकर बंद केले तेव्हा घरून कॅन भरून, स्कूटरला बांधून रोपांना पाणी घातलं होतं. कॅनमागे, स्कूटरच्या टोकाला, ती बसायची. पोहोचेपर्यंत फ्रॉक ओला व्हायचा.

"बस," बाबा उठत म्हणाले. "साहेबबाई उभ्या आणि मी बसलेला, बरं दिसत नाही. शिवाय गुडघे धरलेत."

ती बसली, आणि समोरचा रस्ता पहिल्यांदा दिसला.

अख्खा दिसला. वरती पानांचं छप्पर, खाली मोकळा, लांबलचक बोगदा, आणि त्यात प्रत्येक माणूस चेहऱ्यासकट. वळणावरच्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली तेही दिसलं. एकही फांदी मधे नव्हती. कशी असेल? बसच्या टपाला घासू नयेत म्हणून खालच्या फांद्या बाबांनीच लहानपणापासून छाटत आणल्या होत्या. झाडांच्या लहानपणापासून, आणि तिच्याही.

तिने मान वर केली. उंचावर, भर पानांत, कॅमेरा बसला होता. डोळ्यांवर कोणी हात ठेवावा तसा.

कॅमेरे बसवले ती पानगळ होती. फांद्या उघड्याबोडक्या होत्या, वरून चौकापर्यंत दिसत होतं. कंत्राटदाराने विचारलं, अजून वर घेऊ? सगळे म्हणाले, घे. पालवी फुटेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कोन तिने स्वतः लावले होते. माळ्याच्या मुलीने.

ती खुर्चीत हसायला लागली.

"काय झालं?" बाबा दचकले.

"बाबा, घरी कुणाला सांगू नका. आणि शिडी आहे का तुमच्या जुन्या खात्यात?"

ना चित्र, ना आवाज

एक कॅमेरा वरून काढला की कंट्रोल रूममधला त्याचा पडदा काळा होतो. तो काळा झाला तेव्हा साहेब नेमके त्याच्यासमोर उभे होते, आणि झाडाखाली उभी असलेली ती फोन कानाला लावून घुबडाचा श्वास ऐकत होती. आता हे जमलं नाही, तर सहीचा हक्कही जाणार आणि खुर्चीही. शिडीवर चढलेल्या वायरमनने कॅमेरा हाताला लागणार नाही इतका वर, पण पानांच्या खाली, बसच्या टपाच्या उंचीला आवळला. मग केबल खोचली.

"आलं?"

"नाही, मॅडम."

वायरमनने परत खोचली. बाबांनी खुर्ची मिटली आणि कोणी न सांगता शिडी धरली.

"आलं?"

फोन साहेबांनी घेतला होता.

"तुझ्या शेजारचे गृहस्थ कोण?" साहेबांचा आवाज. "आज दाढी केलेली नाही त्यांनी."

"माझे वडील, साहेब."

"आणि मागे लांब, वळणावर एक बाई. तिच्या पिशवीचा बंद तुटायला आलाय." थोडं थांबून, "इतके दिवस आम्ही पानं बघत होतो. चूक कोणाची?"

वायरमनने शिडीवरून खाली बघितलं. कंत्राटदाराचं नाव घेणं सोपं होतं, तो हजरही नव्हता.

"माझी. पानगळीत कोन लावले, पालवी हिशेबात धरली नाही."

"पाहुणे गेले की लेखी खुलासा लागेल."

"देईन."

"आणि ती सही?"

"नाही करणार, साहेब."

"मग बाकीचे कॅमेरे कधी खाली घेतेस?"

"शिडी इथेच आहे."

बाबा सगळं ऐकत होते. त्यांनी शिडी जरा जास्तच घट्ट धरली; वायरमन म्हणाला, काका, सोडा आता, मी उतरलोय.

पुन्हा चित्र आहे, आवाज नाही

मंत्र्यांच्या गाड्या सावलीतून गेल्या. काहीही घडलं नाही, आणि या खात्यात त्याहून मोठं यश नसतं. खुलासा तिने दिला, नोंद झाली. पाऊस-उन्हाने फुल्या पुसट होत चालल्या.

एका दुपारी त्याच पडद्यावर बाबा दिसले. आता नुसत्या चपला नव्हेत. नाक, भुवया, आणि आज केलेली दाढी. झाडाखाली कुणा अनोळखी माणसाला थांबवून ते काहीतरी सांगत होते. तो माणूस घाईत होता, बाबा नव्हते. बोलता बोलता त्यांनी छाती जरा पुढे काढली आणि ते ताठ बोट वर केलं, पार शेंड्याकडे, जिथे कॅमेऱ्याची जुनी रिकामी पट्टी पानांत लटकत होती. माणसाने तिकडे बघून मान डोलावली.

"मॅडम," घुबड म्हणाला, "काका भलतीकडेच दाखवतायत. कॅमेरा आता खाली, त्यांच्या डोक्यावरच आहे."

"असू दे."

"फोन करून सांगू?"

"अजिबात नाही," ती म्हणाली आणि खुर्ची पडद्याच्या जवळ ओढली.