धुपाटणे जरा लांब ठेवा

मी एक जुना संगणक आहे, आणि खरे सांगायचे तर दमलेलाही आहे. ओमानमधल्या सूर गावात, समुद्राकडे पाठ केलेल्या एका लहानशा खोलीत माझी अकरा वर्षे गेली. मित्रांनो, माझ्या वाट्याला खेळ आले नाहीत, अभ्यास आला नाही. आली ती फक्त लग्ने.

माझी मालकीण झुवैना लग्नातल्या बायकांच्या मेजवानीचे चित्रण करते. तिथे पुरुषांना मज्जाव असतो आणि सगळ्या जणींचे फोन दारातच काढून घेतात. आत बायका मोकळ्या केसांनी नाचतात. ते टिपणारा कॅमेरा एकच, झुवैनाचा. घरी आल्यावर ती तुकडे निवडते, जोडते, आणि ज्यांनी 'आम्हाला घेऊ नकोस' म्हटलेले असते त्यांचे चेहरे धूसर करते. मग या सगळ्याची एक सलग चित्रफीत बनवायचे काम माझे. त्याला रेंडरिंग म्हणतात. म्हणायला एकच शब्द, पण त्यात चार-चार तास माझा पिट्टा पडतो.

सुरुवातीला माझे लाड फार झाले. झुवैनाने माझ्यासाठी जरीच्या काठाचे आच्छादन शिवून माझ्या अंगावर घातले. मला दृष्ट लागू नये म्हणून ती रोज सकाळी माझ्या अगदी शेजारी धुपाटणे ठेवून लोबान जाळू लागली. मी बापडा काय बोलणार? अकरा वर्षे तो धूर गिळत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या रय्याचे लग्न झाले. तिची आई शरीफा फार मुखदुर्बळ बाई, पण त्या दिवशी चार मिनिटे नाचली. लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात ती अचानक वारली. रय्या तर येत्या शुक्रवारी नवऱ्याबरोबर मलेशियाला निघणार होती. आईचा तो नाच तिला सोबत हवा होता, आणि तो जगात फक्त माझ्या पोटात होता. पण आजूबाजूच्या बायकांचे चेहरे झाकल्याशिवाय झुवैना तो कुणाच्या हाती देणार नव्हती.

सोमवारी मी कामाला लागलो. एकाहत्तर टक्क्यांवर डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी बंद पडलो, नेमका शरीफाच्या नाचापाशी. झुवैनाने जुन्या लग्नांचे उरलेसुरले तुकडे पुसून जागा मोकळी केली. प्रोग्राम काढून नव्याने टाकला. मी पुन्हा पडलो. दर वेळी ती निखाऱ्यावर लोबानाचा आणखी एक खडा टाकी.

मंगळवारी तिने नवऱ्याला हाक मारली. खमीस दाराच्या पडद्याबाहेरच थांबला.

"सालिमचे बाबा, तिथूनच काय ते सांगा. आत येऊ नका!"

"अगं, नाही येत! स्क्रीनवर काय लिहिलंय?"

"लिहायला हवं ना काही! काळं तोंड करून बसलाय मेला."

"मग दुकानात नेऊन दे."

"दुकानात? अर्ध्या गावातल्या बायका आहेत ह्यात. माझ्या भरवशावर नाचल्या त्या. उद्या कुणाला तोंड दाखवू?"

"मग ज्या नाचापाशी अडतो, तो काढून टाक. बाकीचं तरी होईल."

झुवैनाने तो नाच बाजूला काढून पाहिला, आणि काढताना तिचे डोळे भरून आले. मी चौसष्ट टक्क्यांवरच पडलो. म्हणजे दोष त्या नाचात नव्हताच. तिने तो पुन्हा होता तिथे जोडला.

बुधवारी दुपारी खमीस कॉफीचा पेला घेऊन पडद्याबाहेर जमिनीवर बसला. तीस वर्षे त्याने गलबतांची इंजिने सांभाळली होती. स्क्रीन बघायची सोय नव्हती, म्हणून त्याने कान लावला.

"आता बोलू नकोस. मला ऐकू दे."

मी धापा टाकू लागलो आणि थोड्या वेळाने पडलो.

"अगं, हा आधी किंचाळतो, मग त्याचा दम तुटतो, मग पडतो. इंजिन तापलं की अस्संच करायचं. स्क्रीनची वायर काढ, मी आत येतो."

त्याने जरीचे आच्छादन ओढून काढले आणि माझी कूस उघडली. माझ्या पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि लोबानाचा चिकटा यांचा बोटभर थर बसला होता.

"या अल्ला! अगं, तू तर ह्याला लोबान पाजलास!"

"दृष्ट लागू नये म्हणून ठेवत होते हो..."

"दृष्ट राहू दे. ह्याला श्वास कुठून घ्यायचा?"

झुवैनाने धुपाटणे उचलून माझ्यापासून दूर सरकवले. मला तिचा राग आला नाही, वाईट वाटले. तिने जे केले ते मायेनेच केले होते. खमीसने जुन्या दातघासणीला स्पिरिट लावून पाते न् पाते घासले, आणि मग तो बाहेर गेला.

गुरुवारी सकाळी झुवैना माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. एकाहत्तर आले. तिने डोळे मिटून घेतले. बहात्तर. दुपारपर्यंत शंभर झाले.

संध्याकाळी रय्या आली. स्क्रीनवर शरीफा नाचली, घामाघूम झाली आणि कॅमेऱ्याजवळ येऊन हसत म्हणाली, "पुरे गं झुवैना, दमले मी!"

"झुवैना खाला, तेवढंच परत लाव ना," रय्या म्हणाली. तिने ते नऊ वेळा ऐकले. मी तापलो, पण पडलो नाही.

चित्रफीत रय्याच्या हाती दिल्यावर, नेहमीच्या नेमाप्रमाणे, झुवैनाने ते सारे माझ्यातून पुसून टाकले. आता शरीफा माझ्यात नाही. झुवैना लोबान आजही जाळते, पण धुपाटणे उंबऱ्याबाहेर ठेवते. आच्छादन कपाटात गेले आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी राबत असेल. त्याचे लाड जरूर करा, पण अधूनमधून झाकण उघडून धूळ झटका आणि त्याचा श्वास ऐका. शरीफाला हसत हसत 'दमले' म्हणता आले. मला तेवढेही म्हणता येत नाही. मी नुसता बंद पडतो.